तीन रीडिंगांची सरळ रेषा

'रँग्लर' हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो र. पु. परांजप्यांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिला आला आणि जन्मभर रँग्लर परांजपेच राहिला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याच कॉलेजातून आणखी एक रँग्लर बाहेर पडला, पंजाबातल्या झंगचा अब्दुस सलाम. १९७९ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्यासोबत मिळालेले ते हेच सलाम.

सलामांचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणे बहुधा १९७४ वर जाते. पाकिस्तानच्या संसदेने त्या वर्षी अहमदियांना मुस्लिमेतर ठरवले आणि सलाम यांनी सरकारी सल्लागारपद सोडले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. मला इथे सांगायचे आहे ते त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या एका वर्षाबद्दल, १९४८-४९ बद्दल. पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरचे पदार्थविज्ञान या गणिती मुलाने एका वर्षात कसे पचवले, त्याची ही हकिकत आहे.

वडील शिक्षण खात्यात नोकरीला होते. मॅट्रिकला चौदाव्या वर्षी पंजाब विद्यापीठात विक्रमी गुण. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात सर्वदमन चावला हे गणिताचे उस्ताद लाभले. चावलांनी वर्गात रामानुजन यांचा एक प्रश्न घातला. सलाम यांनी तो अधिक सोप्या रीतीने सोडवला, आणि विद्यार्थी असतानाच त्यांचा पहिला निबंध छापून आला. १९४६ साली एम. ए. झाले, तेही गणितातच. म्हणजे प्रयोगशाळेशी म्हणावा असा संबंध आलेलाच नव्हता.

केंब्रिजची वाट उघडली ती मात्र अजब प्रकारे. पंजाबचे प्रधानमंत्री खिज्र हयात टिवाणा यांनी महायुद्धासाठी निधी जमवला होता. युद्ध संपले, पैसे उरले. त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाच्या पाच शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. सलाम यांना सेंट जॉन्समध्ये ऐनवेळी रिकामी झालेली जागा मिळाली आणि सप्टेंबर १९४६ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. उरलेल्या चौघांना पुढच्या वर्षी प्रवेश मिळेल असे सांगितले गेले होते. पुढचे वर्ष १९४७ होते. फाळणी झाली आणि त्या शिष्यवृत्त्याही गेल्या. कोण होती ती चार मुले, याचा विचार मनातून जात नाही.

दोन वर्षांत सलाम रँग्लर झाले. शिष्यवृत्तीचे तिसरे वर्ष हाती होते. पुढचे गणित शिकावे की पदार्थविज्ञान? सल्ला विचारला फ्रेड हॉयल यांना, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे पुढे जे गुरू झाले त्यांनाच. हॉयल यांचे म्हणणे असे पडले की सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक व्हायचे असले तरी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतला प्रायोगिक अभ्यासक्रम पुरा करा, नाहीतर प्रयोग करणाऱ्या माणसाच्या नजरेला नजर देता येणार नाही. इतर मुले ज्या पायरीवर क्रमाक्रमाने चढून येतात, तिथे सलाम यांना थेट उडी मारायची होती.

पहिल्याच प्रयोगाची गोष्ट ते स्वतः हसत सांगत. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका लांबीचा नसतो. त्यात दोन अगदी शेजारच्या तरंगलांबी असतात, ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम. त्यांच्यातला फरक मोजायचा होता. सलाम यांनी हिशेब केला की आलेखावर एक सरळ रेषा काढली की उत्तर मिळते. रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा खात्रीसाठी. उपकरण जुळवायला तीन दिवस लागले. तीन रीडिंग घेतली, रेषा काढली, उपकरण मोडून ठेवले आणि वही तपासायला नेली. तपासायला होते डेनिस विल्किन्सन. त्यांनी रेषा पाहिली आणि विचारले, तुमची पार्श्वभूमी काय? गणित, असे उत्तर येताच ते म्हणाले, वाटलेच. तीन नव्हे, हजार रीडिंग घ्यायला हवी होती.

यात विल्किन्सन यांचा खडूसपणा नव्हता. कागदावरचा बिंदू नेमका असतो. प्रयोगातला बिंदू डोळ्याच्या, हाताच्या, स्क्रूच्या चुकीसह येतो. एक रीडिंग किती खोटे बोलते हे पुष्कळ रीडिंग एकमेकांपासून किती विखुरली आहेत त्यावरूनच कळते. शंभरपट रीडिंग घेतली तर सरासरीतली अशी अनिश्चितता दहापट घटते, त्याहून स्वस्तात नाही. आपल्या बी. एस्सी.च्या प्रयोगशाळांतही तोच सोडियमचा दिवा पेटतो. पण उत्तर पुस्तकात आधीच छापलेले; मग उत्तरावरून उलटी रीडिंग 'बसवायची', जर्नल सुबक लिहायचे आणि सर्टिफाय करून घ्यायचे, हे किती जणांनी केले असेल! सलाम यांची तीन रीडिंग निदान खरी होती.

पुढे वर्षभर ते विल्किन्सन यांना टाळत राहिले. १९४९ साली निकालाची यादी लागली तेव्हा नेमके विल्किन्सनच मागे येऊन उभे. कोणता वर्ग मिळाला? पहिला. विल्किन्सन यांनी टाचेवर एक गिरकी घेतली आणि माणसे ओळखण्यात किती चूक होऊ शकते, असे काहीसे म्हणाले.

पहिला वर्ग मिळालेल्याने प्रयोगात संशोधन करायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्गवाल्यांनी सिद्धांताकडे जायचे, अशी तिथली तेव्हाची रीत होती. सलाम यांनी ती पाळली नाही. उपकरणापाशी लागणारा सबर आपल्यात नाही, हे त्या वर्षाने त्यांना दाखवले होते. म्हणून हॉयल यांचा सल्ला वाया गेला असे मी मानत नाही. सलाम आणि वाइनबर्ग यांच्या सिद्धांताला 'न्यूट्रल करंट' नावाच्या प्रक्रियेचा पुरावा हवा होता. तो शोधण्यासाठी सर्नमधल्या गार्गामेल या बबल चेंबरची लाखो छायाचित्रे माणसांनी डोळे ताणून एकेक करून पाहिली. विल्किन्सन यांची 'हजार रीडिंग' ती हीच.

१९७३ साली फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स इथे परिषद होती. सलाम रेल्वेने उतरले आणि जड सामान घेऊन पायी निघाले. मागून एक मोटार येऊन थांबली. आत गार्गामेल गटातले पॉल म्युसे होते. तुम्हीच सलाम ना, बसा, बातमी आहे, न्यूट्रल करंट सापडले. सलाम पुढे सांगत, मला जास्त आनंद कशाचा झाला, शोधाचा की सामानासकट गाडीत जागा मिळाल्याचा, ते मी सांगणार नाही.