काय काढता येईल? घरी बांधलेल्या एका मोटारीची गोष्ट

गॅरेजच्या मागे चाके काढून विटांवर ठेवलेली एखादी जुनी मोटार आपण सर्वांनीच पाहिलेली असते. तिच्याकडे पाहून आपल्याला भंगाराचा भाव आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमधल्या काही तरुणांना मात्र अशा मोटारीत शर्यतीची मोटार दिसे. जुनी मोटार स्वस्तात घ्यायची, तिचा वरचा सगळा साज उतरवायचा, खालचा सांगाडा सुधारायचा आणि त्यावर आपल्या मनाजोगी मोटार बांधायची. अशा घरी बांधलेल्या मोटारीला तिथे ‘स्पेशल’ म्हणत. त्यांतल्या एका स्पेशलची ही गोष्ट आहे. ती मोटारीची आहे, तशीच पदार्थविज्ञानाचीही आहे.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बांधकाम अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी. त्याचा जन्म १९२८चा. शिकता शिकता तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७च्या अखेरीस इंग्लंडच्या सरकारने खाजगी मोटारींचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला. पेट्रोलच नाही तर मोटार कोण घेणार? चॅपमनचा धंदा बसला. बरेचसे भांडवल बुडाले आणि गिऱ्हाईक न मिळालेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी हाती उरली.

ही ऑस्टिन सेव्हन १९२२ साली बाजारात आली होती. कारखान्याचे मालक हर्बर्ट ऑस्टिन यांनी तिचे आराखडे आपल्या राहत्या घरातील बिलियर्डच्या खोलीत काढून घेतले आणि त्यासाठी मदतीला घेतला स्टॅन्ली एज नावाचा १८ वर्षांचा आरेखक. गाडी लहान होती. वजन ३६० किलोग्रॅमच्या आसपास आणि इंजिनाची ताकद सुमारे १० अश्वशक्ती. १९३९पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० गाड्या निघाल्या. त्यामुळे जुनी ऑस्टिन सेव्हन कुठेही आणि थोड्या पैशांत मिळे. स्पेशल बांधणाऱ्यांची ती आवडती होण्याचे हे साधे कारण.

१९४८ साली उत्तर लंडनमध्ये हेझल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या घरामागील गॅरेजमध्ये चॅपमनने ही गाडी उघडली. (पुढे दोघांचे लग्न झाले.) त्याच्यापुढे प्रश्न होता तो असा : इंजिन तर दुबळे आहे आणि मोठे इंजिन घ्यायला पैसे नाहीत. मग गाडी चपळ कशी करायची?

इथे न्यूटनचा दुसरा नियम आठवावा. बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण. समजा, गाडी ३६० किलोग्रॅमची आणि चालक ७० किलोग्रॅमचा, म्हणजे एकूण ४३०. यातून ६० किलोग्रॅम वजन कमी केले तर उरतात ३७०. तेच बल लावले असता त्वरण ४३० भागिले ३७०, म्हणजे सुमारे १.१६ पट होते. इंजिनाला हात न लावता १६ टक्के लाभ झाला! शिवाय इंजिनाची ताकद फक्त वेग घेताना कामी येते. वजन कमी केल्याचा फायदा मात्र ब्रेक लावताना आणि वळण घेतानाही मिळतो.

मग वजन कमी करायला काय काढायचे? खरी परीक्षा इथेच असते. ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा वरून पाहिला तर इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा दिसतो. त्याच्या बाजूच्या पट्ट्या पन्हळीसारख्या, म्हणजे एका अंगाने उघड्या असतात. एखादे चाक दगडावर चढले की हा सांगाडा पिळवटतो. सांगाडा पिळला की चाकांचे कोन बदलतात आणि गाडी चालकाच्या मनाप्रमाणे वळेनाशी होते. उसळी झेलणे हे स्प्रिंगांचे काम. सांगाड्याने ताठच राहायला हवे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण काढून त्याची दोन टोके दोन हातांत धरा आणि ओल्या कपड्यासारखे पिळा. खोका सहज वळतो. पिळताना वरच्या दोन काठांकडे लक्ष द्या. ते एकमेकांच्या मागेपुढे सरकताना दिसतील. आता झाकण लावून ते चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्के करा आणि पुन्हा पिळा. तोच पुठ्ठा, तेच हात, पण खोका आता हट्टाने ताठ राहतो. काठांचे सरकणेच आपण बंद केले आहे! नळीचेही असेच असते. जाडीच्या २० पट त्रिज्या असलेली पातळ नळी लांबीच्या दिशेने एकदा चिरली, तर गणिताप्रमाणे पिळाला होणारा तिचा विरोध १२०० पटींनी कमी होतो. धातू मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच स्पेशल बांधणारे लोक ऑस्टिनच्या पन्हळीसारख्या पट्ट्यांवर पत्रा जोडून त्यांची बंद पेटी करून घेत.

चॅपमनने याच विचाराने गाडीचे वरचे अंग बांधले. त्याने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेले प्लायवुड वापरले. त्यामुळे अंग हे नुसते झाकण राहिले नाही, सांगाड्याबरोबर तेही भार पेलू लागले. विमानांचा पत्रा असाच भार पेलतो. विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान उडवायला शिकलेल्या चॅपमनला ही कल्पना परकी नव्हती. अर्थात ती सुचलेला तो पहिला नव्हता. ॲलेक इसिगोनिस यांनी जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर १९३८ साली पूर्ण केलेल्या ‘लाइटवेट स्पेशल’मध्येही बाजूंना पत्रा लावलेले प्लायवुड होते आणि स्प्रिंगांच्या जागी रबर होते. याच इसिगोनिस यांनी पुढे १९५९ची मिनी मोटार घडवली. तिलाही रबराच्याच स्प्रिंगा होत्या.

चॅपमनने आपल्या गाडीचे नाव लोटस ठेवले आणि चिखलाच्या चढांवरील स्पर्धांत ती उतरवली. आपल्या शिक्षक वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी हा गडी अंतिम परीक्षेत गणितात नापास झाला. तो विषय पुन्हा देऊन पदवी त्याने एक वर्ष उशिरा मिळवली.

पुढे १९५१ साली त्याने ७५० मोटर क्लबच्या शर्यतींसाठी तिसरी गाडी बांधली. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर ४, पण इंधनमिश्रित हवा आत जाण्याच्या वाटा दोनच असतात. शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एक वाट. हे शेजारी लागोपाठ हवा ओढतात, त्यामुळे एकाच्या वाट्याची हवा दुसरा पळवतो. चॅपमनने या सामाईक वाटेचे दोन भाग करून प्रत्येक सिलिंडरला आपापली वाट दिली. इंजिन जोमदार झाले आणि त्याची गाडी इतरांच्या फारच पुढे राहू लागली. क्लबने लवकरच नियम बदलून या युक्तीला बंदी केली. हा अन्याय म्हणायचा का? क्लबचा हेतू थोड्या पैशांत सर्वांना भाग घेता यावा असा होता आणि चॅपमनने तर एकही नियम मोडला नव्हता. विद्यार्थ्यांमध्ये यावर चांगला वाद होऊ शकेल.

१९५२ साली घरच्या छंदाचा व्यवसाय झाला. लोटस मार्क सिक्स या गाडीचा सांगाडा बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केला होता. त्याचे वजन सुमारे २५ किलोग्रॅम, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या एखाद्या मुलाइतके. गिऱ्हाइकाने तो घरी न्यायचा आणि बहुधा फोर्ड गाड्यांचे भाग लावून स्वतः मोटार उभी करायची. तयार मोटारीवर इंग्लंडमध्ये जबर खरेदीकर होता, सुट्या भागांवर तो पडत नसे. १९५७ची लोटस सेव्हन करासह १०३६ पौंडांना होती, तर सुट्या भागांच्या रूपात ५३६ पौंडांना. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. पण घरी गाडी बांधण्याची हौस टिकली. १९९६ साली रॉन चँपियन यांचे पुस्तक आले. चौकोनी पोलादी नळ्या आणि एका जुन्या फोर्डचे भाग वापरून २५० पौंडांतही अशी गाडी कशी बांधता येईल, हे त्यात सांगितले होते. १९९८पासून मात्र ब्रिटनमध्ये अशी घरगुती गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिची स्वतंत्र सरकारी तपासणी होऊ लागली.

ही तपासणी म्हणजे केवळ कागदी सोपस्कार नव्हे. वजन कमी करण्याला मर्यादा असते आणि ती ओलांडली तर किंमत माणूस मोजतो. १९७० साली इटलीत मोंझा येथे शर्यतीच्या सरावात लोटसचा चालक योखेन रिंट मरण पावला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याने गाडी भरकटली आणि रस्त्याकडेच्या सदोष बसवलेल्या कठड्यामुळे आघात प्राणघातक ठरला, असे तपासात निघाले. चॅपमनच्या गाड्या हलक्या आणि वेगवान, पण नाजूक, अशी टीका त्याच्या हयातीतच होत असे आणि ती निराधार नव्हती.

म्हणून जुन्या मोटारीतला एखादा भाग काढण्यापूर्वी विचारायचा प्रश्न ‘याचे वजन किती?’ एवढाच नसतो. ‘हा कोणता भार पेलतो आणि तो काढल्यावर तो भार कोणाकडे जाईल?’ हेही विचारावे लागते. तुमच्या शाळेतली सायकल, बाक किंवा छपराची कैची घेऊन हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहा. काही भाग काढता येतील, काही मुळीच काढता येणार नाहीत. कोणते ते त्यांनाच शोधू द्या.