शाळेच्या पैशाचा हिशेब

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि औरंगाबाद जिल्ह्यातल्या गावोगावच्या प्राथमिक शाळांचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभागृहात आला. निजामाची राजवट संपून जेमतेम १४ वर्षे झाली होती. गळक्या पत्र्यांसाठी किती, खडू-फळ्यासाठी किती, हे आता गावचा सदस्य उभा राहून विचारू शकत होता. केवढी मोठी गोष्ट ही!

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने हिशेब थेट शाळेच्या ओट्यावर आणला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे त्यांचे काम. कीर्द उघडून पावती मागण्याचा हक्क शेतमजूर आईलाही मिळाला.

मार्च २०२२मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या. पुढचे अर्थसंकल्प प्रशासकाच्याच सहीने मंजूर होत गेले. सभागृहात प्रश्न विचारायला सदस्यच नव्हते.