जातीय छळाची मोजदाद: बिदर आणि कलबुर्गी

बाराव्या शतकात बसवकल्याणच्या शरणांनी (शिवभक्त संतांनी) जातिभेद झुगारला. तरी बिदर-कलबुर्गीच्या गावांत तो टिकून राहिला. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरवले. 1968 मध्ये दलित नेते बी. श्यामसुंदर यांनी गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) भीमसेना स्थापून दलितांच्या स्वसंरक्षणाचा प्रश्न पुढे आणला. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने छळाचे प्रकार नेमके सांगितले. त्याखालील 1995 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची तिमाही बैठक बंधनकारक केली. मात्र पोलीस ठाण्यातील आकडा हा फक्त नोंदवलेला छळ असतो. हॉटेलातला वेगळा कप, न्हाव्याचा नकार, पाणवठ्यावरची अडवणूक यांची फिर्याद क्वचितच होते. मजुरी तुटण्याची भीती तोंड बंद ठेवते. म्हणून गुन्हे कमी दिसणे म्हणजे छळ कमी होणे नव्हे. खरी मोजदाद वस्तीत जाऊन, पीडितांना विचारूनच होते.