विहाराला कुलूप, घराघरात वंदना

विहाराचा इतिहास सांगताना २०२० साल वगळून चालायचं नाही. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. चांदूर रेल्वेच्या स्टेशनातून नुसत्या मालगाड्या जात.

१४ एप्रिल आली. बाबासाहेबांची १२९ वी जयंती, अन् मिरवणूक नाही! त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. रोजमजुरी थांबलेली, डब्यातले तांदूळ मोजून शिजत. तरी घराघरात मेणबत्ती लागली. बौद्धाचार्य येऊ शकत नव्हते, म्हणून त्रिसरण-पंचशील आयाबायांनीच दिलं. पोट्टे चुकले की आमची आजी म्हणे, "थांब रे, पुन्हा म्हण."

७ मेची बुद्ध पौर्णिमाही घरातच झाली. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ओसरीत वाचला गेला. दीक्षाभूमीचा सोहळाही त्या वर्षी झाला नाही. सर्वांत जड गेली ती मयत. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. सख्खे नातेवाईक दारातूनच परतले. ते दुःख अजून निवलेलं नाही.

राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, २०२१ च्या एप्रिलात पुन्हा बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबरला उघडली. आम्ही विहारात जमलो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोट्ट्यांना पंचशील पुस्तकाविना पाठ होतं.