हॉस्पिटलमधला आयडी बॅज: त्यावर काय असतं, आत कोणती टेक्नॉलॉजी असते आणि आपण तो कसा वाचायचा?

जळगाव किंवा धुळ्याच्या सिव्हिलमध्ये तुम्ही कधी ना कधी पेशंटसोबत रात्र काढली असेल. एका दिवसात कॉटजवळ किती तरी जण येतात: एक जण बीपी बघतो, दुसरा रक्त घेतो, तिसरा सही मागतो. यातले डॉक्टर कोण, इंटर्न कोण, सिस्टर कोण आणि बाहेरच्या लॅबचा माणूस कोण? हे सांगण्याचं काम गळ्यातल्या छोट्या कार्डाचं आहे.

बॅज कशासाठी?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की, आपल्यावर उपचार करणाऱ्यांची ओळख, त्यांचं पद आणि आपली मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरकडे आहे, हे जाणून घेण्याचा रुग्णाला आणि नातेवाईकांना हक्क आहे. सरकारी कर्मचाऱ्यांनी ऑफिसात ओळखपत्र दिसेल असं लावावं, अशा राज्य सरकारच्याही सूचना आहेत. म्हणजे नाव विचारणं हा उद्धटपणा नाही.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे जळगावने पाहिलंय. कोरोनाच्या काळात बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजी १० जून २०२० रोजी सिव्हिल हॉस्पिटलच्याच टॉयलेटमध्ये मृतावस्थेत सापडल्या. फक्त बॅजने ते टळलं असतं, असं म्हणता येणार नाही. पण "या पेशंटची जबाबदारी आज कोणाकडे?" या प्रश्नाला वॉर्डात एका नावाचं उत्तर असायलाच हवं. बॅज ही त्याची पहिली पायरी.

पीपीई किटमध्ये तर चेहराच दिसत नाही. २०१४-१५ च्या इबोला साथीत लायबेरियात यावर साधा उपाय केला गेला: किटवर त्या व्यक्तीचा हसरा फोटो चिकटवायचा. ब्रिटनमध्ये डॉ. केट ग्रेंजर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. अनेक कर्मचारी आपलं नावही सांगत नाहीत, हे त्यांना जाणवलं आणि २०१३ मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली.

चांगल्या बॅजवर काय हवं?

- मोठ्या अक्षरात नाव, तेही मराठीत
- पद: डॉक्टर, इंटर्न, परिचारिका, टेक्निशियन, सफाई कर्मचारी
- अलीकडचा फोटो आणि विभाग
- दोन्ही बाजूंना सारखीच छपाई, कारण दोरीवरचं कार्ड हमखास उलटं फिरतं

पद लिहिलेलं असणं सगळ्यात महत्त्वाचं. पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण डॉक्टर नसतो.

आत कोणती टेक्नॉलॉजी असते?

*बारकोड किंवा क्यूआर:* यात बहुतेक वेळा फक्त कर्मचारी क्रमांक किंवा लिंक असते. तुम्ही स्कॅन केलं तर नुसता आकडा दिसू शकतो.

*आरएफआयडी:* कार्डात बारीक चिप आणि तारेची अँटेना असते, बॅटरी नसते. रीडरजवळ नेलं की त्याच्या रेडिओ लहरींमधून चिपला वीज मिळते आणि ती आपला नंबर पाठवते. अनेक कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात, तुमच्या फोनचं एनएफसीही त्याच फ्रिक्वेन्सीवर. ऑपरेशन थिएटर किंवा नवजात बाळांच्या कक्षाचं दार फक्त ठरावीक कार्डांनाच उघडेल, अशी सोय यातून करता येते.

पण एक लक्षात ठेवा: दार कार्ड ओळखतं, माणूस नाही. कार्ड दुसऱ्याच्या हातात गेलं तरी दार उघडेलच. म्हणून फोटो आणि चेहरा जुळतोय का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

मोबाईलवर डॉक्टरची खात्री कशी करायची?

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक लिहिणं २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो नंबर किंवा नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर शोधा. ही यादी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची. आयुर्वेद, दंतवैद्यक आणि नर्सिंगची कौन्सिलं वेगळी आहेत. त्यामुळे इथे नाव दिसलं नाही की लगेच 'बोगस' ठरवू नका.

तुम्ही काय कराल?

1. बॅज दिसत नसेल तर शांतपणे विचारा: "सिस्टर, तुमचं नाव काय? हे इंजेक्शन कशाचं?" आजीला अहिराणीत विचारू द्या: "तुमनं नाव काय शे?"
2. नाव, वेळ आणि काय केलं, ते फोनच्या नोट्समध्ये लिहा. ड्युटी बदलली की हेच कामी येतं.
3. बाळ "तपासायला नेतो" म्हणणाऱ्याकडे बॅज नसेल, तर बाळ देऊ नका. आधी वॉर्डच्या सिस्टरना विचारा आणि सोबत जा.
4. कोणी गळ्यातला किंवा मोबाईलमधला पेमेंटचा क्यूआर पुढे केला, तर पैसे पाठवू नका. पैसे काउंटरवर भरा, पावती घ्या.
5. बॅजचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. त्या फोटोवरून कोणी नकली कार्ड बनवू शकतं, आणि नाईट ड्युटीवरच्या सिस्टरला नको त्या माणसाचे मेसेज येऊ शकतात.

तक्रार असेल तर नाव आणि वेळ लिहून वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. "कोणीतरी आलं होतं" या तक्रारीचं पुढे काही होत नाही. नाव असेल तर चौकशी कुठून सुरू करायची ते तरी कळतं.