ट्रम्पेटला चिकटवलेले वजन

पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांमध्ये एक समजूत आहे. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हखालची टोपणे काढून जड टोपणे बसवली, किंवा नळीवर धातूचा एखादा तुकडा घट्ट चिकटवला, की आवाज ‘भरीव’ होतो आणि स्वर नेमका लागतो. जुने ट्रम्पेट बाळगणारे तर असे प्रयोग हौसेने करतात. काही ग्रॅम वजनाने खरोखर फरक पडतो का? भिंतीचा आवाजाशी संबंध काय, या मूळ प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थोडासा’ अशी तीन उत्तरे मिळाली. तिन्ही उत्तरे प्रयोगातूनच आली, हे विशेष.

प्रथम आवाज कोठे निर्माण होतो ते पाहू. तबल्यात कातडे कंप पावते. त्यावरची शाई म्हणजे मुद्दाम लावलेले वजनच असते. या वजनामुळे तबल्याचे स्वरांश सुसंवादी होतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवले. ट्रम्पेटची गोष्ट वेगळी आहे. तेथे वादकाचे ओठ झडपेसारखे उघडमीट करतात आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. पितळ हे त्या हवेची केवळ भिंत असते. पितळेची घनता हवेच्या सुमारे ७००० पट आहे. हवेच्या हलक्या धक्क्यांनी एवढी जड भिंत कितीशी हलणार? म्हणून वजनाच्या गोष्टीवर वैज्ञानिकांचा विश्वास बसत नव्हता.

पण पहिले उत्तर ‘हो’ असे आले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डेटन मिलर हे भौतिकीचे प्राध्यापक, आणि बासरीचे मोठे संग्राहक. त्यांनी जस्ताच्या पातळ पत्र्याची, दुहेरी भिंतीची ऑर्गन-नळी घेतली. ती वाजत असताना दोन भिंतींमधल्या पोकळीत हळूहळू पाणी भरले. आतील हवेचा आकार तोच होता, तरी स्वराची उंची आणि जात दोन्ही बदलत गेली. हा निबंध १९०९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मिलर यांची नळी चौकोनी होती. सपाट पत्रा आतील दाबाने सहज आत-बाहेर होतो. गोल नळीचा पत्रा तसा होत नाही, कारण त्यासाठी सबंध परीघ ताणावा लागतो. तेव्हा मिलर यांचे निरीक्षण खरे असले तरी ते गोल नळ्यांना तसेच लागू करता येत नव्हते.

दुसरे उत्तर ‘नाही’ असे आले. १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या तीन बासऱ्या घेतल्या. आतील मापे सारखी, भिंतींची जाडी मात्र फार वेगवेगळी. कोणती बासरी वाजते आहे हे श्रोत्यांना कळणार नाही, अशी व्यवस्था केली. श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. हातातील वजनावरून ओळखण्याची सोय ठेवली नाही, तेव्हा वादकांनाही तो आला नाही. १९८६ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ यांनी असाच प्रयोग ट्रोंबोनवर केला. वेगवेगळ्या जाडीचे कर्णे बसवले, वादकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि प्रत्येक वाद्याचे वजन सारखे भासेल अशी काळजी घेतली. तेव्हा अनुभवी वादकांनाही पातळ कर्णा कोणता आणि जाड कोणता हे सांगता आले नाही.

येथे वजन नेमके कशात ढवळाढवळ करते ते दिसते. वाद्य हातात जड लागले की वादकाची पकड बदलते, फुंकही थोडी बदलते, आणि त्याची अपेक्षाही बदललेली असते. वादकाला जाणवणारा फरक खोटा नसतो. पण तो पितळेतून आला की वादकातून, हे नुसते वाजवून ठरत नाही.

ही अडचण दूर करायची तर वादकच बाजूला काढायला हवा. अमेरिकेतील रोलिन्स कॉलेजचे थॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. त्यांनी ट्रम्पेट कृत्रिम ओठांनी वाजवला. एकदा कर्णा मोकळा ठेवला, एकदा त्याभोवती वाळूच्या पिशव्या दाबून त्याचे कंपन थांबवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कंपन थांबवल्यावर मूळ स्वराचा वाटा वाढला आणि वरच्या स्वरांशांचा घटला. पुढे व्हिएन्नाचे विल्फ्रीड काउझल आणि मूर यांनी २०१० व २०१५ साली त्याची कारणमीमांसा केली. सरळ गोल नळीची भिंत हलली तरी सहसा मोजण्याजोगा परिणाम होत नाही. कर्ण्याचा भाग मात्र पसरट असतो. तो नळीच्या अक्षाच्या दिशेने पुढे-मागे झाला, तर तेवढ्यानेही आतील हवेचे घनफळ बदलते. तिसरे उत्तर ‘थोडासा’ असे आले ते यामुळे.

आता ते चिकटवलेले वजन. कंप पावणाऱ्या भागाचे परिणामी वस्तुमान वाढले की त्याची नैसर्गिक वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भिंतीचा कंप अर्ध्या स्वराने, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी, खाली आणायला वस्तुमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावे लागते. शिवाय वजन निस्पंदावर, म्हणजे न हलणाऱ्या जागी, बसले तर काहीच होत नाही. म्हणून किती वजन, याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे ठरते. आणि वाळूच्या पिशव्यांनी सबंध कर्णा दाबणे व टोपणात चार ग्रॅम वाढवणे या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. पहिलीने भिंतीचा परिणाम सिद्ध होतो. बाजारातले प्रत्येक टोपण उपयोगी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

यातील दोन प्रयोग वर्गात करता येतील. स्वरकाट्याच्या एका भुजेच्या टोकाला मातीचा छोटा गोळा लावा, स्वर उतरेल. तोच गोळा बुडाजवळ सरकवा. फरक जवळजवळ नाहीसा होईल. मग सारख्या लांबीची व सारख्या आतील व्यासाची एक धातूची आणि एक प्लॅस्टिकची नळी घ्या. पडद्यामागून दोन्हींच्या तोंडावर फुंकर घाला. क्रम नाणे उडवून ठरवा आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी नळी ओळखायला सांगा. वीस वेळांपैकी किती उत्तरे बरोबर आली ते फळ्यावर मांडा. नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास यायला हवीत, हे मात्र आधीच सांगून ठेवा.