‘कॉन्ट्रा’: तीन जिवांचा खेळ आणि एका युद्धाचे नाव

१/ नव्वदच्या दशकात उन्हाळ्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील कितीतरी घरांत टीव्हीला व्हिडिओ गेमचे यंत्र जोडले जाई. कॅसेट फुंकून बसवायची आणि यादीतला ‘कॉन्ट्रा’ निवडायचा, हा मुलांचा नित्यक्रम. आजच्या धाग्यात या खेळाचे गुण, त्याचे दोष आणि त्याच्या नावामागचा विस्मृतीत गेलेला इतिहास पाहू.

२/ जपानच्या कोनामी कंपनीने ‘कॉन्ट्रा’ फेब्रुवारी १९८७ मध्ये आणला, तो नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रावर. पुढच्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. आपल्याकडे पोहोचल्या त्या बहुतांशी या घरगुती यंत्राच्या स्वस्त नकला. कॅसेटवर खेळांची संख्या अवाढव्य छापलेली असे. प्रत्यक्षात तेच मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटत.

३/ प्रथम गुण. निन्टेन्डोच्या यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. खेळाच्या अमेरिकी आवृत्तीचा सारा ऐवज १२८ किलोबाइट. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतही बटण दाबताच सैनिक हलतो, धावता धावता तिरका नेम धरतो, कोलांटी घेत उडी मारतो आणि हवेतही दिशा बदलतो. जीव गेला की चूक आपलीच होती, हे खेळणाऱ्याला मनोमन पटते. ‘कॉन्ट्रा’चे खरे सामर्थ्य या चोख हालचालीत आहे.

४/ दुसरा गुण वैविध्याचा. आठ टप्प्यांत जंगल, धबधबा, हिमाच्छादित प्रदेश आणि शेवटी परग्रहवासीयांची गुहा. मध्येच दोनदा दृश्याची दिशाच बदलते आणि आपण सैनिकाच्या पाठीमागून शत्रूच्या तळात शिरतो. शिवाय दोघांनी एकाच वेळी, एकाच पडद्यावर खेळण्याची सोय. भावंडांच्या आणि शेजारच्या मित्रांच्या आठवणींत हा खेळ टिकला, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे.

५/ आता दोष. एक गोळी लागली की जीव संपला, आणि जीव केवळ तीन. हा नियम आर्केडच्या अर्थकारणातून आला होता: खेळाडू लवकर हरला तरच पुढचे नाणे पडणार. घरी नाणे उरले नाही, नियम मात्र उरला. त्यातच मेल्यावर हातातली प्रभावी बंदूकही जाते. म्हणजे शस्त्राची निकड सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच आपण साध्या बंदुकीनिशी उभे असतो.

६/ शस्त्रांतही समतोल नाही. ‘एस’ अक्षराची, पंख्यासारख्या गोळ्या फेकणारी बंदूक इतकी वरचढ आहे की बाकीची शस्त्रे ओझे वाटू लागतात. लेझरचे बटण घाईने पुन्हा दाबले तर आधीचा मारा अर्ध्यातच विरतो. जाणता खेळाडू कित्येकदा समोर आलेले शस्त्र मुद्दाम टाळतो, हे त्या योजनेतील उणिवेचेच लक्षण होय.

७/ सहकार्यालाही काटे आहेत. धबधब्याच्या टप्प्यात पडदा वर सरकतो. एक गडी भराभर वर चढला की खाली राहिलेला दुसरा पडद्याबाहेर जाऊन मरतो. त्या टप्प्यावर किती घरांत भांडणे झाली असतील, याची कल्पना वाचकांना असेलच!

८/ या काठिण्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तो प्रसिद्ध संकेत: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. त्याने तीनाऐवजी तीस जीव मिळतात. तो मूळचा ‘ग्रॅडियस’ या खेळातला. १९८६ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती तपासताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो फार अवघड जाऊ लागला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही पळवाट ठेवली.

९/ कथेची स्थिती पाहा. जपानी आवृत्तीत घटना सन २६३३ मधील, एका काल्पनिक द्वीपसमूहावरची. अमेरिकी पुस्तिकेत तीच कथा वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात येते. युरोपात १९९० मध्ये ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने खेळ आला, तेव्हा माणसांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. हिंसाचाराविषयीचे जर्मनीतील कडक नियम हे त्यामागचे कारण. माणसे काढली, तरी खेळात काहीही बिघडले नाही. रचना इतकी भक्कम, आणि पात्रे इतकी पोकळ!

१०/ आता नावाकडे वळू. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात जुलै १९७९ मध्ये सांदिनिस्ता क्रांतिकारकांनी सोमोसा घराण्याची हुकूमशाही उलथवली. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांना ‘कॉन्ट्रा’ म्हणत. प्रतिक्रांतीसाठीच्या स्पॅनिश शब्दाचे ते संक्षिप्त रूप. रेगन यांच्या अमेरिकी प्रशासनाने या गटांना पैसा आणि शस्त्रे पुरवली. त्या युद्धात हजारो माणसे मेली.

११/ २७ जून १९८६ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या प्रकरणी अमेरिकेला दोषी ठरवले. न्यायालयाचे तेव्हाचे अध्यक्ष होते भारताचे नगेंद्र सिंह. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून आलेला पैसा कॉन्ट्रांकडे वळवल्याचे उघड झाले आणि हा शब्द जगभर गाजला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत हा खेळ बाजारात आला. त्याच्या शेवटी वाजणाऱ्या संगीताचे नाव आहे ‘सांदिनिस्ता’.

१२/ खेळात मात्र ना निकाराग्वा आहे, ना तिथला शेतकरी. समोर येणारा प्रत्येक जण शत्रू, आणि अखेरचा शत्रू तर माणूसही नाही. विचाराला जागाच न ठेवल्यामुळे खेळ वेगवान झाला, आणि त्याच कारणाने तो अर्थशून्यही राहिला. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच मुळातून फुटले आहेत.

१३/ ‘कॉन्ट्रा’वरचे प्रेम कमी करण्याचे कारण नाही; तो खेळ आजही हाताला तितकाच गोड लागतो. परंतु आपल्या पिढीला हा शब्द ठाऊक झाला तो कॅसेटवरून, आणि तो ज्यांच्या रक्ताने लिहिला गेला ती माणसे अज्ञातच राहिली. पडद्यावर तीन जीव संपले की पुन्हा तीन मिळत. निकाराग्वात प्रत्येकाला एकच होता.